माळ्यावरचं पितळ खाली उतरलं: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या श्रावणात सासूबाईंची गिरगावातली खोली पुनर्विकासासाठी रिकामी करायची वेळ आली, तेव्हा माळ्यावरून गोणपाटात बांधलेली २३ पितळी भांडी खाली आली. हंडा, दोन कळशा, घंगाळ, परात, तपेल्या, ओगराळं, पानाचा डबा, पंचपाळं, समया, फुलपात्रांचा अख्खा संच. भांडीवाला मोडीच्या भावात न्यायला जिन्यात येऊन उभा होता. मी नाही म्हटलं आणि सगळं टेम्पोत घालून मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आणलं. गणपतीपासून ही भांडी वापरते आहे. घर सजवायला आणि पाहुण्यांना वाढायला जुनं पितळ घ्यावं का, असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी हा अनुभव लिहिते आहे.

आधी कल्हईबद्दल, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ लागला की दोन्ही पदार्थात उतरतात, म्हणून आतून कथिलाचा मुलामा हवा. आमच्या कळशीतली कल्हई वरच्या बाजूला चकचकीत दिसत होती, तेवढ्यावर मी विसंबले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पंधरा-सोळा बायका येणार होत्या. कैरीचं पन्हं दुपारीच करून त्या कळशीत भरलं, वर मोगऱ्याचा गजरा गुंडाळला. फार देखणं दिसत होतं. पाच वाजता सासूबाईंनी चमचाभर चाखलं आणि म्हणाल्या, "अगं, कळकलंय हे. कुणाला देऊ नकोस." सगळं मोरीत ओतलं. नंतर बॅटरी लावून पाहिलं तर तळाशी तळव्याएवढी कल्हई उडालेली होती. तेव्हापासून भांड्यात काही घालण्याआधी मी आतून बॅटरी मारून बघते, आणि पन्हं, सोलकढी, ताक, चिंचेची आमटी यांना पितळ दाखवतच नाही. कल्हई असली तरीही. हा माझा नियम थोडा कडक असेल, पण वाढताना मनात धाकधूक नको.

कल्हईवाला आता हाकेच्या अंतरावर राहिलेला नाही. आमच्याकडे येणारे काका महिन्यातून एकदा सोसायटीच्या फाटकाशी बसतात. भांडं कोळशावर तापवतात, नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर उठतो, मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने असं काही फिरवतात की काळवंडलेलं तळ एका दमात चांदीसारखं होतं. माझा मुलगा अभ्यास सोडून बघायला खाली उतरतो. काकांना मी दरवेळी एकच विचारते, कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नाही ना? ते रागावत नाहीत, कांडी हातात देतात. त्यांनीच बजावलं, "ताई, रिकामं भांडं गॅसवर ठेवू नका." कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे कोरडं भांडं तापलं की कल्हईचे थेंब होऊन गोळा होतात. म्हणून फोडणी मी लोखंडी पळीत करून वरून घालते. तपेलीत वरण आणि खीर मात्र नेमाने शिजते. रोज वापरलेल्या तपेलीची कल्हई पाच महिन्यांत विरळ झाली.

आता पानाच्या डब्याविषयी. सगळ्या भांड्यांत याने जेवढं दिलं तेवढं कशानेच दिलं नाही. खालच्या खणात पानं, वरच्या ताटलीत कात, सुपारी, लवंग, वेलची, बाजूला चुनाळं आणि अडकित्ता. गणपतीत जेवणं झाली आणि मी तो सहज चटईवर मांडला. एरवी आमच्याकडे जेवण आटपलं की पाहुण्यांचे डोळे घड्याळाकडे जातात, कारण शेवटची लोकल प्रत्येकाच्या डोक्यात असते. त्या दिवशी डब्याभोवती आठ माणसं बसली ती बसलीच. धाकट्या नणंदेला पानाला चुना किती लावायचा ते ठाऊक नव्हतं, तिची जीभ पोळली. मग मामांनी पान पुसलं, शिरा काढल्या आणि गोविंदविडा वळून दाखवला. त्यांच्या हातांना ही कला येते हे आम्हाला वीस वर्षांत कळलं नव्हतं. अडकित्त्याचा कटकट आवाज, कातरलेली सुपारी एकमेकांच्या तळहातावर, आणि कुणाच्या लग्नात कुणी किती विडे खाल्ले याच्या गोष्टी. दिवाळीत आलेल्यांनी फराळाआधी डबा कुठे आहे ते विचारलं. एकच पितळी वस्तू घ्यायची असेल तर ही घ्या. पानं तेवढी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि चुन्याचं भांडं दर आठवड्याला रिकामं करून घासा.

फुलपात्रं पाण्यासाठी उत्तम. हातात वजन लागतं, म्हणून पाणी पिणारा माणूस थोडा थांबतो. कोजागरीला मात्र त्यांत मसाला दूध ओतलं आणि कुणालाच ती धरता येईनात. पितळ स्टीलच्या कितीतरी पट वेगाने उष्णता वाहून नेतं. पुढच्या वेळी दूध कोमट करूनच देणार.

सजावटीत माझं मत थोडं बदललं आहे. सुरुवातीला हौसेने सगळंच मांडलं. दोन खोल्यांत हंडा, घंगाळ, दोन समया आणि परात म्हणजे चालायला जागा नाही, आणि घर भांड्यांच्या दुकानासारखं दिसायला लागलं. आता दारात एक घंगाळ आणि भिंतीशी एक समई, एवढंच. घंगाळात फुलं सोडायची तर पाणी रोज बदलते आणि जूनपासून ते कोरडंच ठेवते. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास होतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघरी कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात ती काही उगाच नाही. हंड्यात थेट माती भरून मनीप्लांट लावला होता, तो प्रयोग फसला. ओल आणि खत यांनी आतून हिरवा थर धरला. आता आत प्लास्टिकची कुंडी आहे.

घासणं हेच खरं काम. इथल्या दमट हवेत आणि आमच्यासारखी खाडी जवळ असेल तर पावसाळ्यात चौथ्या दिवशी चकाकी उतरते. रोजच्या भांड्यांना पितांबरी, जास्त काळवंडलेल्यांना चिंच-मीठ. चिंच लावून भांडं रात्रभर ठेवू नका. मी परात तशी ठेवली आणि सकाळी तिच्यावर गुलाबी डाग होते, जस्त निघून तांबं वर आलेलं. ते डाग अजून पुरते गेलेले नाहीत. धुतल्याबरोबर सुती फडक्याने कोरडं करायचं. शोभेच्या वस्तूंना मी खोबरेल तेलाचा हलका हात लावते, त्याने आठवडाभर तरी तेज टिकतं. घासायला बाई ठेवण्याचा विचार केला होता, पण नारळाच्या शेंडीने घासताना भांड्याचा पोचा न् पोचा हाताला ओळखीचा होतो, ते मला सोडवत नाही.

घरातलं पुरेना म्हणून चार वस्तू विकतही घेतल्या. नवं भांडं हवं असेल तर पायधुणीचा तांबा काटा, जुनं हवं असेल तर चोर बाजारातली मटण स्ट्रीट. शुक्रवारी तिथली जुन्या वस्तूंची दुकानं बंद असतात. खिशात लोहचुंबक ठेवा, चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. नवं पितळ रसायनाने काळं करून जुनं म्हणून विकणारेही आहेत. एका दुकानात मी अशी एक अत्तरदाणी घेऊन फसले. खरं जुनं भांडं तिथेच झिजतं जिथे हात आणि जमीन लागते, म्हणजे काठ, कडी आणि बूड. आणि मठारलेल्या भांड्यावरचे हातोडीचे ठोके कधी एकसारखे नसतात.

त्याच गल्लीत एक तांब्या मिळाला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी एका बाईचं नाव घातलेलं, पुढे 'आईकडून' आणि 'शके १८७४'. म्हणजे १९५२ साल. नाव इथे लिहीत नाही. कुणाच्या तरी लेकीचं रुखवत वजनावर विकलं गेलं, या विचाराने तो मला दुकानात ठेवून येववेना. घरी सासूबाईंनी तो चिंचेने घासला, नाव बोटाने चाचपून वाचलं आणि पाणी भरून देवापुढे ठेवला. रोज सकाळी त्याच भरतात.

२३ आणि नंतरच्या चार, अशा सत्तावीस वस्तूंपैकी आज अकरा वापरात आहेत. सहा नात्यात वाटल्या, ज्यांनी वापरायचं कबूल केलं त्यांनाच. उरलेल्या पुन्हा माळ्यावर आहेत आणि त्यांच्याकडे पाहिलं की मला वाईट वाटतं. जड परात तर मला एकटीला उचलतही नाही. गौरींच्या जेवणाला ती काढायची आहे, पुरणाच्या पोळ्या ठेवायला. रविवारी काका फाटकाशी बसणार आहेत. दोन तपेल्या, ओगराळं आणि ती कळशी पिशवीत भरून दाराशी ठेवली आहे.