ब्रॉडबँड शिफ्टिंगचे १० रुपये भरले आणि ६८,५०८ गेले

कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं भाड्याचं घर सोडून आर. के. नगरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो आणि त्याच आठवड्यात खात्यातून ६८,५०८ रुपये गेले. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितोय. "साठ-सत्तर हजार" म्हटलं की ऐकणारा "अरेरे" करतो आणि विषय बदलतो.

"एवढं शिकून असं कसं केलंत?" हे ऐकून झालंय. मेहुणा तर "दाजी, तुम्ही सुद्धा?" म्हणून वर हसला. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचे हिशेब बघतो. बिलाशिवाय कुणाला पाचशे रुपये सोडत नाही. ओटीपी कुणाला सांगायचा नसतो हे मला कुणी शिकवायला नको, आणि मी तो सांगितलेलाही नाही. हे बँकेला अजून पटलेलं नाही, ते पुढं येईलच.

हसणाऱ्यांनी एकदा घर बदलून बघावं. त्या आठवड्यात फोन ठेवायला सवड नसते. टेम्पोवाला, सुतार, आरओ बसवणारा, गॅस एजन्सीतला पोरगा, सगळे अनोळखी नंबरवरनं बोलतात आणि सगळे कशाचे ना कशाचे पन्नास-शंभर मागतात. एरवी अनोळखी नंबर आला की आपण सावध होतो. त्या दिवसांत तोच नंबर आला की वाटतं, चला, एक काम मार्गी लागलं. मीटर नावावर करायचा अर्ज महावितरणच्या साइटवर भरला होता, ग्राहक क्रमांक टाकून इंडेक्स टू, म्हणजे फ्लॅटच्या खरेदीचा नोंदणी उतारा, जोडला होता, तिथं कसलीच अडचण आली नाही. घरफाळ्याला नाव लावायचे कागदही देऊन झाले होते. राहिलं होतं फक्त इंटरनेट. मुलीची नीटची ऑनलाइन बॅच चालू, आणि नव्या घरात मोबाइलला धड रेंज नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांचा यात थेट हात नाही. ॲपवर शिफ्टिंगची रिक्वेस्ट टाकली, "लवकरच संपर्क करू" असं आलं आणि पुढं सामसूम. मग गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. सगळ्यात वर कंपनीच्या नावानं, लोगोसकट, कोल्हापूरच्या पत्त्यावर मोबाइल नंबर. गूगलच्या नकाशावरच्या नोंदीत बदल सुचवायची सोय कुणालाही असते, हे मला नंतर कळलं. नंबर नेहमी जुन्या बिलावरनं घ्या. बिल सापडत नसेल तर कंपनीच्या ॲपमधनं घ्या. गूगलवर शोधलेला नंबर म्हणजे बसस्टँडवर कुणाही अनोळख्याच्या हातात पाकीट देण्यासारखं आहे.

फोन उचलणारा मराठीत बोलला, तेही अगदी अदबीनं. "सर, रिक्वेस्ट दिसतीये, पण ॲड्रेस व्हेरिफाय नाही, म्हणून पेंडिंग आहे. १० रुपये भरले की आजच लाइनमन येईल." व्हॉट्सॲपवर फाइल आली, कस्टमर सपोर्ट डॉट एपीके, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून ॲप टाकायची फाइल. दाबल्यावर फोननं अडवलं. ही फाइल धोकादायक असू शकते, अशी लाल खुणेची पाटी स्क्रीनवर आली. आता रोज रात्री तीच पाटी डोळ्यांपुढं येते. मी त्याला विचारलंसुद्धा! तो हसला. "सर, कंपनीचं ॲप प्ले स्टोअरचं नसतं, म्हणून सगळ्यांना येतं. खाली 'तरीही इन्स्टॉल करा' आहे ते दाबा." नेमकं त्याच वेळी हमाल कपाट घेऊन जिन्यात अडकले होते आणि ही खालनं हाका मारत होती. दाबलं.

पण खरा राग त्या पाटीचाही नाही, १० रुपयांचा आहे. कंपनीकडं राउटरचं माझं १,००० रुपये डिपॉझिट पडून आहे. ज्यांच्याकडं माझे हजार आहेत त्यांना माझ्याकडनं दहा कशाला हवेत? पुढच्या बिलात लावता आले असते. आणि दहा रुपयांसाठी त्या ॲपमधल्या पैसे भरायच्या पानावर नेटबँकिंगचा युजर आयडी अन् पासवर्ड का मागितला, आणि मी तो भरला तरी का? ऑफिसात असं व्हाउचर समोर आलं असतं तर मी आणणाऱ्याच्या तोंडावर फेकलं असतं.

ॲपनं सुरुवातीलाच मेसेज वाचायची परवानगी घेतली होती. त्यामुळं ओटीपी मी सांगायची गरजच पडली नाही, तो परस्पर तिकडं पोचत होता. ४.५२ ला २४,९९९. ४.५३ ला पुन्हा २४,९९९. ईमेल आला तेव्हा मी वॉशिंग मशीनची एक बाजू धरून जिन्यात होतो. असं काही झालं तर आधी फोन एअरोप्लेन मोडवर टाका, आणि मग घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरनं बोला. मी त्याच फोनवरनं बँकेला फोन लावत बसलो.

बँकेच्या कस्टमर केअरला भाषा निवडा, एक दाबा, चार दाबा, गाणं ऐका, हे सगळं करून ५.०९ ला तक्रार नोंदली गेली. तक्रार क्रमांक मिळाला. "खातं ब्लॉक केलंय" असं बाई म्हणाल्या. आणि ५.२१ ला आणखी १८,५०० गेले.

पुन्हा सांगतो. ५.०९ ला तक्रार, ५.२१ ला डेबिट. खातं ब्लॉक असताना बारा मिनिटांनी पैसे गेले कुठनं?

दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो. काउंटरवरचा म्हणाला, "होम ब्रँचला जा." होम ब्रँच म्हणाली, "हे सगळं मुंबईहून होतं." मॅनेजरसाहेबांनी मान न उचलता विचारलं, "ओटीपी दिला होता ना?" नाही म्हटलं तर, "मग गेले कसे?" म्हणजे उत्तर मीच शोधून आणायचं. मग छापील पत्र आलं की व्यवहार वैध पासवर्ड आणि ओटीपीनं झाले, बँक जबाबदार नाही. तिसऱ्या डेबिटबद्दल त्यात अवाक्षर नाही. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणानं पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायची तीही बँकेनंच. पहिले ४९,९९८ आणि ते दहा माझ्या डोक्यावर मारा, भांडतो पण समजू शकतो. १८,५०० तुमचे आहेत. परिपत्रकाची प्रिंट टेबलावर ठेवली तर साहेबांनी तिच्यावरच चहाचा कप ठेवला.

पोलिसांची तऱ्हा निराळी. जुन्या घराजवळचं ठाणं म्हणालं, आता तुम्ही तिकडं राहता. नव्या हद्दीतलं म्हणालं, खातं जुन्या पत्त्यावर आहे, आणि हे तर सायबरचं काम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, फिर्याद घ्यायची असं स्वच्छ लिहिलंय. हे सांगितल्यावर हवालदारसाहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" लेखी अर्ज देऊन पोच मात्र सोडू नका, शिक्का मारल्याशिवाय खुर्चीवरनं उठू नका.

त्यातल्या त्यात उपयोग झाला तो १९३० चा, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनचा. लाइन बराच वेळ लागत नव्हती, लागल्यावर त्यांनी यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा क्रमांक, मागितले आणि ११,३०० रुपये परराज्यातल्या कुठल्याशा खात्यात होल्ड झाले. बँकेत वाट बघत घालवलेला वेळ आधी १९३० ला दिला असता तर आकडा मोठा असता. म्हणून पहिला फोन १९३० ला, बँकेला नंतर. मात्र होल्ड झालेले पैसे हातात यायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले, म्हणजे तिकडची वारी वेगळी.

आणखी थोडं, जसं आठवेल तसं. नेटबँकिंगचं दिवसाचं लिमिट आजच कमी करा, माझं कधीकाळी दोन लाखांवर ठेवलेलं तसंच राहिलं होतं. पगाराचं खातं आणि रोजच्या खर्चाचं खातं वेगळं ठेवा. आपले कॉल कुणी दुसऱ्या नंबरवर फॉरवर्ड केलेत असा संशय आला तर ##००२# डायल करा, ते बंद होतं. राउटर परत देताना पावती घ्या. आणि लाइनमनचा नंबर बिल्डिंगमधल्या शेजाऱ्याला विचारा, मी ते केलं असतं तर गूगलकडं जायची वेळच आली नसती.

बँकेला लेखी तक्रार दिलीये. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं, सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर जाणार, तेही फक्त त्या १८,५०० साठी आणि ५.०९ चा तक्रार क्रमांक जोडून. तक्रारीनंतर गेलेले पैसे कुणाला बँकेकडून परत मिळाले असतील तर अर्जात काय लिहिलं होतं ते मला कळवा.