आया ब्युरोचा अकरा महिन्यांचा अनुभव: बाई लाखात एक, करार मात्र भोंगळ

बाळंतपणाच्या चार दिवस आधीपर्यंत मी कामावर गेले आणि २६ आठवड्यांची सगळी रजा मागे राखली. तरी ती संपली तेव्हा चिऊचं उष्टावण नुकतंच झालेलं. म्हणजे पोर दुधावरून पेजेवर यायला आणि आई ऑफिसला जायला एकच गाठ. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असं २०१७ पासून कायदा म्हणतो आणि आमच्या कंपनीने ती हिंजवडीत केलीही आहे. पण कोथरूडहून चांदणी चौक ओलांडून सहा महिन्यांच्या पोरीला रोज तिथे न्यायचं म्हणजे काय, हे तो रस्ता माहीत असलेल्यांना सांगायला नको. म्हणून ब्युरो गाठला.

नाव लिहीत नाही. दुसऱ्या दोन ठिकाणचे फॉर्म पाहिले, तेही याच वळणाचे आहेत, एकट्यालाच कशाला बदनाम करू! व्यवहार असा: बाईंचा पगार महिना १८,००० रुपये, वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ७, ब्युरोचं कमिशन एक महिन्याचा पगार, आणि वर्षात दोनदा बाई बदलून मिळणार. पोलीस पडताळणीचा कागद त्यांनी दिला, आधार कार्डाची प्रत दिली, इथवर चोख. कामाच्या रकान्यात एकच ओळ होती: ‘बाळाची सर्व कामे’. वाचून मला हायसं वाटलं होतं. पुढची सगळी भानगड त्या ‘सर्व’ने केली.

पहिल्या बाई चार दिवस टिकल्या. घास भरवताना मोबाइलवर रील लावून चिऊसमोर धरायच्या, आणि नको म्हटलं तर ‘मग ती खात नाही’ असं वर मलाच. ब्युरोने दोन दिवसांत बदली दिली, त्याचे गुण त्यांना द्यायलाच हवेत. दुसऱ्या आल्या त्या मावशी. वारजे माळवाडीहून बसने यायच्या, आल्या की आधी कोपरापर्यंत हात धुवायच्या.

बाळाची कामं म्हणजे काय, हे मला फॉर्मने नाही, मावशींनी शिकवलं. बाटल्या आणि वाट्या-चमचे उकळून ठेवणं त्यांचं. पेज, नाचणीचं सत्त्व, मऊ भात-वरण शिजवणं आणि भरवणं त्यांचं. लंगोट, दुपटी, झबली धुऊन घड्या घालणं, तिची खेळणी आवरणं, दुपारी झोपवणं, ऊन उतरलं की खाली बागेत नेणं. आंघोळ पहिला महिनाभर आम्ही दोघींनी मिळून घातली, मग त्यांच्यावर सोडली. औषध मात्र त्या स्वतःच्या मनाने थेंबभरही देत नसत. ताप वाटला की थर्मामीटर लावून मला फोन, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं तेवढंच, मी सांगेन तेव्हा. बाळगुटी आणि धुरीचा आग्रह आमच्याच घरातून होता, मावशींचा नव्हता.

शिवाय एक वही. मी काहीतरी ॲप डाउनलोड करून दाखवलं, तर त्यांनी पिशवीतून नातवाची अर्धी कोरी वही काढली. ‘११.४०. अर्धी वाटी पेज. दोन घास थुंकली. १२.१५ झोप. शी एकदा, पातळ नाही.’ ऑफिसातून येऊन मी चप्पल काढायच्या आधी ती वही उघडायची.

आता मेथी. सासूबाई साताऱ्याहून महिनाभर राहायला आल्या. एके दिवशी चिऊ झोपलेली पाहून म्हणाल्या, ‘बसल्या बसल्या जरा मेथी निवडता का?’ मावशींनी निवडली. दुसऱ्या दिवशी गवार. मग लसूण सोलणं, मग पाहुणे आले म्हणून कणीक भिजवणं. मला हे सगळं दिसत होतं आणि खरं सांगायचं तर सोयीचंही होतं, संध्याकाळी आयती निवडलेली भाजी कोणाला नको? एका बुधवारी मी घरून काम करत होते. कॉलवरून उठून बाहेर आले तर मेथीची जुडी कागदावर पसरलेली, मावशी कुकर बंद करायला ओट्याशी गेलेल्या, आणि रांगत आलेली चिऊ तोंडात देठ कोंबून ठसकत होती. मावशींनी धावत येऊन तिला पालथी धरली, पाठीत थोपटलं, देठ पडला. अख्खा प्रकार अर्ध्या मिनिटाचा असेल. माझे हात अजून कापत होते तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘ताई, मेथी निवडायला माझी ना नाही. पण तेवढा वेळ पोरीला कोणी बघायचं ते सांगा.’

मी काय सांगणार होते?

संध्याकाळी ब्युरोला फोन केला की कामं लिहून द्या, म्हणजे घरातल्यांनाही दाखवता येतील. मॅडम म्हणाल्या, ‘ते तुम्ही आपसात समजून घ्या.’ आपसात समजून घ्यायचं तर १८,००० कमिशन कसलं? सुट्टीचंही तेच. फॉर्ममध्ये महिन्याला दोन सुट्ट्या, पण दिवाळी, आजारपण, घरातलं लग्नकार्य, चकार शब्द नाही. मावशी भाचीच्या लग्नाला आठ दिवस गेल्या, तेव्हा बदली बाई चौथ्या दिवशी उगवली. आणि त्या आठ दिवसांचा पगार कापायचा की नाही, हेही ‘आपसात’. आम्ही कापला नाही. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला होता, मावशींची आई त्यात होती. खाडे कापण्यावरून मालकिणींशी कसं वाजायचं ते मावशींनीच एकदा चहा पिताना सांगितलं. पंचेचाळीस वर्षांत आमचा फॉर्म दोन सुट्ट्यांपर्यंत पोचलाय.

जाता जाता आमच्या सोसायटीचंही सांगते. कामाच्या बायकांनी मागची लिफ्ट वापरायची असा नियम. मावशींच्या कडेवर चिऊ असली की वॉचमन पुढची लिफ्ट उघडून द्यायचा, चिऊ नसली की मागे पाठवायचा. पत्र दिलंय, बघू.

मेथीनंतर मीच एक कागद लिहून फ्रिजवर लावला. बाळाचं काम वरच्यासारखं. झाडू-फरशी, मोठ्यांची भांडी, पोळ्या, पाहुण्यांचा चहा नाही. दुपारी अर्धा तास मावशींचं जेवण, तेव्हा चिऊ घरातल्या दुसऱ्या कोणाकडे. घरी कोणीच नसेल तर ती झोपल्यावर. सातनंतर थांबावं लागलं तर तासाचे वेगळे पैसे. सासूबाईंनी चष्मा लावून वाचला, काही बोलल्या नाहीत, आणि मेथी स्वतः निवडायला घेतली. चिऊला मांडीपासून लांब ठेवून.

ब्युरोला पाचपैकी अडीच: पडताळणी आणि पहिली बदली झटपट, बाकी कमिशन घेतलं की हात वर. मावशींना गुण देणारी मी कोण.

गेल्या आठवड्यात नूतनीकरणाचा फोन आला, पुन्हा तोच फॉर्म. मी म्हटलं, माझा फ्रिजवरचा कागद त्याला जोडा आणि खाली तुमचा शिक्का मारा. मॅडम म्हणाल्या, ‘असं कोणी मागत नाही हो.’ कागदाचा फोटो पाठवलाय. दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही.