साकुराजिमाची फेरीबोट आणि बेटावरचा एक निवांत दिवस

जपानच्या दक्षिण टोकाकडील कागोशिमा शहरातून समोरच्या साकुराजिमा या ज्वालामुखी बेटावर जाणारी महापालिकेची फेरीबोट मुळात पर्यटकांसाठी नाही, आणि माझ्या मते तेच तिचे मोठेपण आहे. शाळकरी मुले, कामावर निघालेली माणसे आणि मालवाहू गाड्या यांना सुमारे १५ मिनिटांत खाडीपार नेणारी ही बोट रात्रीही सुरू असते, कारण १९५५ पासून कमी-अधिक प्रमाणात धुमसत असलेल्या त्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी आजही काही हजार लोक संसार थाटून राहतात.

बोटीवरील उदोनच्या दुकानाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड, मऊ शेवया. मागणी सांगून पैसे देईपर्यंत वाफाळत्या रश्श्याचा वाडगा समोर येतो आणि पलीकडचा धक्का येण्याआधी तो संपवावा लागतो. चव साधी, खारट-गोडसर आणि थंडीत फार सुखाची आहे. नवखे प्रवासी कठड्याशी उभे राहून शिखरावरचा धूर पाहत असतात, तर रोज ये-जा करणारे लोक डोंगराकडे नजरही न टाकता शांतपणे जेवतात.

बहुतेक पर्यटक बसने युनोहिरा या ३७३ मीटर उंचीवरील निरीक्षणस्थळी जाऊन, छायाचित्रे काढून लगेच परततात. सामान्य माणसाला डोंगरावर याहून उंच जाता येत नाही, त्यामुळे ते ठिकाण पाहावेच. परंतु बेटाची खरी ओळख खालच्या वस्तीतच होते. पायांखाली राखेची करकर ऐकू येते. ती चुलीतल्या राखेसारखी मऊ नसून बारीक वाळूसारखी खरखरीत असते. थडग्यांवर राख साचू नये म्हणून स्मशानभूमीत छपरे उभारलेली दिसतात, मुले शाळेत जाताना पिवळी शिरस्त्राणे घालतात आणि रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी काँक्रीटचे निवारे आहेत. राख भरण्यासाठी महापालिका खास पिशव्या देते आणि त्या ठरलेल्या जागी ठेवल्या की उचलून नेते. स्थानिक हवामानवृत्तात शिखरावरील वाऱ्याची दिशाही सांगितली जाते, कारण कपडे बाहेर वाळत घालायचे की नाहीत हे तिच्यावरच ठरते. इतक्या मोठ्या संकटाची इतकी नीटनेटकी दैनंदिन व्यवस्था पाहून मला त्या लोकांविषयी मनापासून आदर वाटला.

बंदराजवळच्या नागिसा उद्यानात सुमारे १०० मीटर लांबीचे, मोफत पाय शेकण्याचे गरम पाण्याचे कुंड आहे, तेथे घाई न करता बसावे. हिवाळ्यात गेल्यास याच मातीत पिकणारा, आकाराने प्रचंड असा साकुराजिमाचा मुळा आणि अगदी लहान, गोड संत्री बाजारात मिळतात.

पूर्वेकडील कुरोकामी गावातील तोरी, म्हणजे मंदिराची कमान, मात्र चुकवू नये. १९१४ च्या उद्रेकात सुमारे तीन मीटर उंचीची ही कमान राखेत व दगडांत गाडली गेली आणि आज तिचा जेमतेम एक मीटर भाग जमिनीवर दिसतो. ती उकरून काढण्याचा विचार झाला होता, पण पुढच्या पिढ्यांना उद्रेकाची आठवण राहावी म्हणून ती तशीच ठेवण्यात आली. त्याच उद्रेकातील लाव्हाने सामुद्रधुनी बुजवली आणि साकुराजिमा ओसुमी द्वीपकल्पाला जोडले गेले, म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर हे आता बेट राहिलेलेच नाही.

पर्यटकांची फेरी-बस केवळ पश्चिम भागात फिरते, त्यामुळे कुरोकामीसाठी टॅक्सी किंवा भाड्याची मोटार आधीच ठरवावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा लावावा, कारण वारा फिरला की राखेचे कण डोळ्यांत जातात. परतीच्या बोटीची चिंता करण्याचे कारण नाही, तेव्हा रात्रीचे जेवण बेटावर घेऊनही सावकाश शहरात परतता येते.