ऑर्डोसचा वाघ आणि पाठीवरचा कापडाचा ठसा

२०१८ च्या ऑक्टोबरात बीजिंगमध्ये मी कंबरपट्ट्यावर लावायची, वाघाची नक्षी असलेली एक कांस्य पट्टिका १४,००० युआनला विकत घेतली. म्हणजे जवळजवळ दीड लाख रुपये. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची म्हणून घेतलेली ती वस्तू हल्लीची निघाली, आणि तीही पितळेची. घरच्यांशिवाय हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात मित्राच्या मुलाने, तो सध्या शांघायला नोकरीला आहे, मला अशाच एका पट्टिकेचा फोटो पाठवून विचारलं, "काका, ही घेऊ का?" त्याच दिवशी ठरवलं की सगळं लिहून काढायचं.

मोह कशाचा होता ते आधी सांगायला हवं. ह्वांग हो नदी उत्तरेला जाऊन मोठा वळसा घेते. त्या वळशाच्या आतला मुलूख म्हणजे ऑर्डोस, आजच्या इनर मंगोलियात. तिथल्या त्या काळच्या घोडेस्वार पशुपालकांनी लिहून ठेवलेलं काही नाही. सतत फिरतीवर असलेल्या या लोकांचं सगळं वैभव अंगावर आणि घोड्यावर. कंबरपट्ट्याच्या पट्टिका, आकडे, बटणं, लगामाचे दागिने. मेंढी तोंडात धरून निघालेला वाघ, मान वळवलेलं हरीण, एकमेकांना भिडलेले प्राणी, आणि हे सारं तळहातावर मावेल एवढ्या जागेत. शेजारच्या चिनी राज्यांवरही या लोकांची छाप पडली. झाओ राज्याचा राजा वूलिंग याने इ. स. पूर्व ३०७ मध्ये आपल्या सैन्याला लांब झगे सोडून या घोडेस्वारांचा पोशाख घालायला लावला. इनर मंगोलियाची राजधानी होहोत इथल्या संग्रहालयात मी ऑर्डोसमधल्या आलूचायदंगला १९७२ मध्ये सापडलेला सोन्याचा गरुडमुकुट पाहिला, पण पाय अडले ते बाजूच्या छोट्या कांस्य वाघांपाशी. काही पट्टिकांवर कथलाचा पातळ मुलामा असतो. आईच्या स्वयंपाकघरातली कल्हई केलेली पातेली आठवली आणि ती अनोळखी माणसं एकदम जवळची वाटू लागली.

संग्राहकांना हे वेड नवं नाही. १९२० च्या दशकात बीजिंगच्या बाजारात अशा वस्तूंचा ओघ होता. स्टॉकहोमच्या संग्रहालयात त्या गेल्या, पॅरिसचे व्यापारी सी. टी. लू यांच्या संग्रहाची सूची १९३३ मध्ये निघाली. यातल्या बहुतेक वस्तू कुठल्या थडग्यातून आल्या याची नोंदच झाली नाही. 'ऑर्डोस' हे नाव व्यापाऱ्यांनी सरसकट लावलं. या नोंद नसण्यावरच नकली मालाचा धंदा उभा आहे. जिला कुठलाच ठावठिकाणा लागत नाही, तिच्यासाठी कुठलीही गोष्ट रचता येते.

मला पट्टिका विकणारा माणूस चाळिशीचा होता. जुन्या वस्तूंच्या बाजाराजवळच्या एका गल्लीत त्याची छोटी खोली होती. पहिल्या भेटीत त्याने मला काहीच विकलं नाही. उलट समोरच्या पेटीतली दोन हरणं काढून दाखवली आणि म्हणाला, "ही नवी आहेत, पर्यटकांसाठी. तुम्ही घेऊ नका." दुसऱ्या भेटीत चहा पाजला आणि आजोबा इनर मंगोलियात मेंढ्या राखत होते असं सांगितलं. मी कुठल्या संग्रहालयात काय पाहिलं, काय वाचलं, हे तो मन लावून ऐकत होता. तो ऐकतोय याचंच मला अप्रूप वाटलं. आज वाटतं, त्या तासाभरात मला काय दाखवलं की पुरे, हे मीच त्याला शिकवलं.

तिसऱ्या भेटीत कापडात गुंडाळलेला वाघ बाहेर आला. मी पट्टिका पालथी केली आणि पाठीवर कापडाच्या विणीचा ठसा दिसला. अशा काही पट्टिका ओतताना मेणाच्या नमुन्याला मागून कापडाचा आधार देत, आणि ती वीण धातूत उतरे. हे मी वाचलं होतं आणि त्याच्यापाशी बोललोही होतो. त्या ठशावर बोट फिरवलं आणि माझ्या मनातल्या सगळ्या शंका मिटल्या. अस्सल पट्टिकेचा साचा घेतला तर पाठीची वीणही साच्यात येते, हे माझ्यासारख्या यंत्रांच्या सुट्या भागांत आयुष्य घालवलेल्या माणसाला सुचू नये याचं आजही वाईट वाटतं.

सोबत लाल शिक्क्यांचं प्रमाणपत्र होतं, फोटोसह कुठल्याशा तपासणीचा अहवाल होता. आणि एक पावती. तिच्यावर लिहिलं होतं 'आधुनिक हस्तकला'. "विमानतळावर त्रास नको म्हणून," असं तो म्हणाला. त्या क्षणी उठून निघायला हवं होतं. चीनच्या १९८२ च्या कायद्यानुसार जमिनीतून निघालेली प्राचीन वस्तू सरकारच्या मालकीची असते. २००७ पासून तर १९११ पूर्वीची कुठलीच सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. त्यानंतरच्या ज्या जुन्या वस्तूंना परवानगी मिळते त्यांच्यावर लाखेची सरकारी मोहोर असते. म्हणजे त्या खोलीत दोनच शक्यता होत्या: वाघ खरा असेल तर चोरीचा, आणि चोरीचा नसेल तर खोटा. हा कायदा मला ठाऊक होता. तरीही पैसे दिले.

पुण्याला आल्यावर सहा महिने मी तो काचेच्या कपाटात ठेवला. कोल्हापूरचा माझा एक मित्र फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत आहे, त्याला कौतुकाने दाखवायला नेला. त्याने एक्सआरएफ गन लावली, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारं हातातलं यंत्र. तांबं सत्तर टक्क्यांच्या आसपास, जस्त वीस टक्क्यांच्या वर. तो बराच वेळ बोलला नाही, मग हळूच म्हणाला, "अरे, हे तर पितळ आहे." त्या काळचं चिनी कांस्य म्हणजे तांबं, कथील आणि शिसं. चीनमध्ये पितळ सर्रास वापरात आलं ते कितीतरी शतकांनी, मिंग राजवटीत. मग त्याने कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून हिरव्या थरावर घासला. बोळा हिरवा झाला आणि खालून पिवळा धातू चमकला. तो जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा गंज, नव्हताच, गोंदात कालवलेला रंग होता.

खऱ्या जुन्या कांस्यावरचा हिरवा थर धातूतूनच उगवलेला असतो. त्याच्याखाली बहुधा लालसर थर असतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली हे थर एकमेकांत शिरलेले दिसतात. बनावट थर वरवर बसलेला असतो. काही जण नवसागर आणि आम्लं वापरून खराखुरा गंज चढवतात, तो ॲसिटोनने निघत नाही. साच्यावरून पुन्हा ओतलेल्या वस्तूत नक्षीच्या कडा बोथट होतात, आणि धातू थंड होताना आकसतो म्हणून वस्तू मूळ मापापेक्षा किंचित लहान भरते. धातूच्या तपासणीवरही पूर्ण भिस्त ठेवू नका. जस्त जास्त निघालं तर वस्तू नकली हे कळतं, पण मिश्रण बरोबर निघालं म्हणून ती जुनी ठरत नाही. हुशार कारागीर कथील आणि शिसं मोजूनच घालतो. पोकळ मूर्तीच्या आत भाजलेली माती उरलेली असेल तर तिच्यावरून काळ काढता येतो. भरीव पट्टिकेत तशी मातीच नसते. म्हणून जाणते संग्राहक आधी कागदी माग विचारतात: ही वस्तू सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या १९७० च्या युनेस्को कराराआधीपासून चीनबाहेर होती का, कुणाकडे होती, कुठे छापली गेली होती. एवढं उत्तर नसेल तर ते हात लावत नाहीत.

मी त्या माणसाला वीचॅटवर निरोप पाठवला. त्याने पावतीचा फोटो पाठवला आणि मला ब्लॉक केलं. तक्रार कशाची करणार? कागदावर मी हस्तकलेची वस्तू घेतली होती आणि मला हस्तकलेचीच वस्तू मिळाली होती.

पैशांचं दुःख वर्षभरात ओसरलं. दुसरं राहिलं. ती पट्टिका खरी असती तर ती कुणाच्या तरी थडग्यातून, त्या माणसाच्या कमरेपाशी पडलेली उपसून आणलेली असती. जोडीतली दुसरी कुठे होती, शेजारी घोड्याची हाडं होती की मणी, तो पुरुष होता की स्त्री, हे सगळं एका रात्रीत फावड्याखाली गेलं असतं. ज्या लोकांनी एक अक्षर मागे ठेवलं नाही त्यांच्याबद्दल कळण्याचा तेवढाच मार्ग आहे, आणि त्यांच्यावर जीव जडलाय असं म्हणणारा मी त्यासाठी पैसे मोजायला तयार होतो.

मित्राच्या मुलाने पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. मेंढी धरलेला वाघ. मागच्या उजव्या पंजाला तीनच नखं, चौथ्याच्या जागी गुळगुळीत गोळा. कानामागे डाळीएवढा खड्डा. कपाटातला माझा वाघ काढला आणि फोटोशेजारी ठेवला. तोच पंजा, तोच खड्डा. एकाच साच्यातले. त्याच्याकडे मागितलेली किंमत २२,००० युआन होती. मी माझ्या वाघाचे पुढून, मागून, बोळ्याने घासलेल्या जागेचे असे फोटो काढून त्याला पाठवले. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला, "काका, मी उद्या ॲडव्हान्स द्यायला जाणार होतो."