कादंबरीचा आराखडा आणि पुनर्लेखन: रोजचं लक्ष्य शब्दांचं, घड्याळाचं की प्रसंगांचं?

पहिला खर्डा लिहिताना आज किती शब्द झाले हे मोजणं सोपं असतं, आणि त्याने हुरूपही येतो. पंचाईत होते त्याच्या आधी आणि नंतर. आराखडा करताना अख्खी संध्याकाळ विचार करून वहीत चार ओळी उतरतात. पुनर्लेखनात तर दोन हजार शब्द गाळले तो दिवस चांगला. अशा वेळी 'आज काम झालं' हे कशावरून म्हणायचं? माझी कादंबरी पावणेदोन वर्षं रखडली ती याच प्रश्नापाशी. तीनही मापं वापरून पाहिल्यावर माझं जे मत झालं ते मांडते.

शब्दमोजणीची कीर्ती मोठी आहे, आणि ती खोटी नाही. अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेल्या 'नॅनोरायमो' या महिनाभरात कादंबरी लिहिण्याच्या उपक्रमाचं गणित अनेकांना पाठ आहे: ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोज साधारण १,६६७. त्याच्या कितीतरी आधी, टपाल खात्यात नोकरी करणारा इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचा. त्याची ही गोष्ट सांगताना एक भाग बहुतेकदा गळतो. रोजचा पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात घालवत असे, शब्दांचा नाद कानाने तोलत. त्या अर्ध्या तासात नवा शब्द एकही नाही, तरी त्याने तो कामाच्या वेळेतच धरला होता.

आराखड्याला शब्दांचं लक्ष्य लावलं की काय होतं ते मी भोगलं आहे. रोज पाचशे शब्द ठरवले होते. आकडा गाठण्यासाठी मी नायिकेच्या आजोबांचं गिरणीतलं आयुष्य, चाळीतलं बालपण, मामाचं कर्ज असं पानंच्या पानं लिहीत गेले. दीड महिन्यात वही भरली. पण नायिका राहतं घर विकायला का तयार नाही, याचं उत्तर त्या वहीत नव्हतं आणि सगळी कादंबरी त्याच उत्तरावर उभी राहणार होती.

इथे घड्याळ कामाला आलं. पंचवीस मिनिटं एकाग्र काम आणि पाच मिनिटं विश्रांती, ही फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन माणसाची पोमोडोरो पद्धत; टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून तिला हे नाव पडलं. मला ते घड्याळ रेल्वेने दिलं. ठाणे ते वाशी लोकलने जेमतेम अर्धा तास. गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे एखादी गाडी सोडायची तयारी असेल तर बसायला मिळतं. ठाण्याला वही उघडायची, सानपाडा आलं की मिटायची.

मात्र नुसतं घड्याळ फसवतं. पंचवीस मिनिटं पात्रांची नावं बदलण्यातही सहज जातात. म्हणून आदल्या रात्री पानाच्या डोक्यावर एकच प्रश्न लिहून ठेवावा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये मांडलेला मुद्दा हाच आहे: 'मी आराखडा पूर्ण करीन' या संकल्पापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं बांधून ठेवलेला बेत जास्त तडीस जातो. माझा बेत होता, गाडी हलली की प्रश्न वाचायचा. घराचं उत्तर तिसऱ्या आठवड्यात, घणसोलीच्या आसपास सापडलं. ओळी सहाच होत्या, पण त्या सहांवर पुढची दहा प्रकरणं उभी राहिली.

पुनर्लेखनात मात्र हेच घड्याळ माझ्या मुळावर आलं. रोज एक तास मी इमानाने बसले आणि महिनाभर पहिली तीन प्रकरणंच घासत राहिले. तास भरत होते, कादंबरी तिथेच. शब्दमोजणी तर याहून वाईट. टेंभी नाक्याच्या नवरात्राचा २,२०० शब्दांचा एक प्रसंग मी फार जीव लावून लिहिला होता. त्याने गोष्ट तसूभर पुढे सरकत नव्हती, हे मला कळत होतं. तो काढला तर आकडा मागे जाईल, या एका भीतीने मी तो चार महिने सांभाळला.

म्हणून या टप्प्याला माप प्रसंगांचं. सगळ्या कादंबरीतले प्रसंग एका कागदावर उतरवा. माझे ६४ निघाले. प्रत्येकापुढे एक ओळ: या प्रसंगाआधी काय होतं आणि नंतर काय बदललं? ही ओळ लिहिता आली नाही तर तो प्रसंग संशयित. मग ठेवायचा, बदलायचा की काढायचा, अशी खूण करा. काढलेलं वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा, म्हणजे हात थरथरत नाही. आठवड्याला पाच धरले तर ६४ प्रसंगांना तेरा आठवडे लागतात. गणपतीचा आठवडा मी आधीच शून्य लिहून टाकला. प्रसंग सारखे नसतात, हा या मापाचा दोष. जड प्रसंग दोन धरले की तो बराचसा निघतो.

क्रमही सांभाळायला हवा. आधी गोष्टीची रचना, मग एकेक प्रसंग, भाषा त्यानंतर, आणि ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. उद्या गळणाऱ्या पानाच्या वेलांट्या आज सुधारण्यात दिवस घालवू नये.

वही की ॲप, याचा फार विचार करू नका. हाताशी असेल ते घ्या.

लक्ष्य कुणाला सांगायचं, हे मात्र विचार करून ठरवा. गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनीच २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की आपली ओळख घडवणारा संकल्प दुसऱ्यांच्या कानी पडला की पुढचे प्रयत्न कमी होतात. मान मिळाल्यावर काम अर्धं झाल्यासारखं वाटतं. नातेवाइकांत 'कादंबरी लिहितेय' म्हटल्यावर मला पुरेपूर समाधान मिळालं होतं आणि त्या महिन्यात पानं शून्य. आता हिशेब एकाच मैत्रिणीकडे. ती कोपरखैरण्याहून महिन्याच्या पहिल्या रविवारी येते, आम्ही तलावपाळीला बसतो. ती कौतुक करत नाही, कितवा प्रसंग झाला ते विचारते आणि छापलेली पानं पिशवीत टाकून घेऊन जाते.

घरी लहान मूल किंवा पाळीची नोकरी असेल, तर पुनर्लेखनातही रोजचं लक्ष्य ठेवू नका, आठवड्याचं ठेवा. एक दिवस बुडाला की रोजचं लक्ष्य मोडतं आणि मोडल्याची खंत पुढचे चार दिवस खाते. पाच प्रसंग मात्र शनिवार-रविवारीही भरून काढता येतात.

माझे बेचाळीस झाले आहेत. त्रेचाळिसावा, घराच्या चाव्या परत देण्याचा, जड आहे. तो मी दोन धरला आहे.