गंजलेलं लोखंड ओळखायचंय? पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम

इंग्लंड-वेल्समध्ये मेटल डिटेक्टरला लागलेलं लोखंड ओळखून घ्यायला लोकांना सापडलेल्या पुरातन वस्तूंची नोंद करणारी ही सेवा उत्तम, आणि मोफत. पण फाइंड्स लायझन ऑफिसरकडे (वस्तू ओळखून नोंदवणारा स्कीमचा स्थानिक अधिकारी) नेण्याआधी वस्तू व्हिनेगरमध्ये बुडवू नका! मूळ पृष्ठभाग बहुधा गंजाच्या थरातच टिकलेला असतो. तो विरघळला की आकारही गेला. सुटी माती हलकेच झटका, सिलिका जेल घालून बंद डब्यात ठेवा. मिलिमीटर पट्टीसह दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजन, ग्रिड संदर्भ (सापडल्या जागेचे नकाशावरचे आकडे) द्या. स्कीमचा डेटाबेस जरूर चाळा: स्वल्पविरामासारखा चपटा तुकडा बहुधा बैलाची पत्री असते (दुभंगलेल्या खुराला दोन लागतात), तर नागमोडी कडेची नाल मध्ययुगीन घोड्याची. साधारण १७०० नंतरच्या वस्तूंची नोंद मात्र सहसा होत नाही, त्यामुळे ट्रॅक्टरचे सुटे भाग नेऊ नका.