झेरॉक्स काउंटर चोख, भिंतीवरची पाटी चुकीची

दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली झेरॉक्स-स्कॅन सेवा. यंत्रं चांगली, कर्मचारी तत्पर, रांग सहसा लवकर सरकते. तरी पाचपैकी तीनच गुण, कारण कायदा जिथे ढील देतो तिथे काउंटर अडून बसतो आणि जिथे आवळतो तिथे डोळेझाक करतो.

पाटी म्हणते, 'कॉपीराइट कायद्यानुसार पुस्तकाची 10 टक्के पानंच मिळतील.' 1957च्या कायद्यात असा आकडाच नाही. कलम 52 खासगी वापर आणि संशोधनासाठी रास्त वापराला परवानगी देतं. रास्त किती, हे कामाच्या गरजेवर ठरतं. यंत्रावरचा ताण म्हणून ग्रंथालयाने मर्यादा घालावी, पण ती कायद्याच्या नावावर खपवू नये. या हिशेबाने 40 पानी पुस्तिकेची चारच पानं हाती पडतात आणि 900 पानी ग्रंथाची 90 बिनबोभाट मिळतात, मग तो ग्रंथाचा गाभा का असेना.

शिकवण्यासाठी वेगवेगळ्या पुस्तकांतली पानं एकत्र करून केलेल्या संचांनाही हीच कात्री. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात 9 डिसेंबर 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अध्यापनाला लागेल तेवढा भाग घेता येतो, पानांची टक्केवारी लागत नाही, असं सांगितलं. तो निकाल मुंबईत बंधनकारक नाही, पण त्याचा दाखला देता येतो. प्राध्यापकांच्या सहीची यादी, त्यावर विषय, प्रकरण, पानं एवढं लिहून नेलं की इथला विरोध बराच मावळतो.

आता ढिलाई. दुर्मीळ पुस्तक मागितलं की 'तीन प्रती चालतात' म्हणून वाचकालाच पूर्ण प्रत काढून देतात. कायद्यातली तीन प्रतींची तरतूद बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वतःच्या वापरासाठी आहे, तीही पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तरच. महाविद्यालयाचं ग्रंथालय 'सार्वजनिक' ठरतं का, इथूनच वाद सुरू होतो.

जुन्या मराठी पुस्तकांत तर सरसकट घोळ. कॉपीराइट संपला का हे ठरवताना काउंटर छपाईचं साल बघतो. बघायला हवं लेखकाच्या मृत्यूचं. पुढच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं मोजायची. पुस्तक 1930चं, पण लेखक 1970 साली वारला असेल, तर हक्क 2030 संपेपर्यंत शाबूत. भाषांतराचा आणि नव्या प्रस्तावनेचा हक्क वेगळा, तो मूळ लेखकाच्या हक्काबरोबर संपत नाही.

स्कॅन मात्र जपून करून घ्यावं. इथे 200 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 200 ठिपक्यांवर काढतात. जुन्या खिळ्यांच्या छपाईत रफार आणि अनुस्वार पुसट होतात, मग ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, 'कर्म'चं 'कम' करतं. 300 सांगा. शिलाई सैल असेल तर काच दाबून पुस्तक सपाट करू देऊ नका. पाठ तुटते आणि आतल्या कडेची अक्षरं तरीही वाकडीच येतात. वरून टिपणारा स्कॅनर कोपऱ्यात आहे, मागितल्याशिवाय लावत नाहीत.

सगळ्यात खटकणारी गोष्ट : अंध वाचकालाही 10 टक्के. कॉपीराइट कायद्याच्या 2012च्या दुरुस्तीनंतर अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात, नफा न घेता, पूर्ण पुस्तक रूपांतरित करता येतं. त्यासाठीचा अर्ज काउंटरवर न देता थेट ग्रंथपालांकडे द्यावा, आणि पोच घ्यावी.